वळचणीखालची भानगड

आमच्या आणि पलीकडच्या काकूंच्या आगरामध्ये चिऱ्याचा गडगा आहे. बांधणाऱ्याने त्याची उंची फार विचार करून ठेवलेली असावी. गुरांना तो ओलांडता येत नाही, माणसाला मात्र दोन्ही कोपरं टेकून हवा तेवढा वेळ उभं राहता येतं. श्रावणात पावसाने उघडीप दिली की काकू कुकर लावून, निवडायची भाजी सुपात घेऊन तिथे हजर होतात. वाडीत कोणाकडे काय चाललंय याची त्यांच्याकडे रोजची ताजी खबर असते. त्या दिवशीची खबर आमच्याच घरची होती.

“अगो, तुझ्या पडवीच्या वळचणीला गांधीण लागल्येय. ठाऊक आहे का?”

“आहे ना. मृगापासून आहे.”

“आणि गप्प बसल्येस? ह्यांनी माळ्यावरची सुकी झापं काढून ठेवल्येत. रात्री चूड लावतो म्हणाले. एका मिनिटात खेळ खलास.”

“वासा सागाचा आहे, काकू. गांधिणीबरोबर पडवीपण खलास होईल.”

सागाचं नाव ऐकून काकू जरा नरमल्या. मी त्यांना म्हटलं, ही ती काळी मोठी नव्हे. ही बारकी, विटकरी अंगाची, पोटावर एक पिवळं कडं असलेली. हिचं पोळंही उघडं असतं. लाकडाचा भुस्सा चघळून, लाळेत कालवून केलेला कागदच तो, एका देठाला उलटा टांगलेला. वर ना पडदा, ना आडोसा. घरात काय चाललंय ते खालून सगळं दिसतं.

शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलले होते. काकूंचे हात भाजीवरच थांबले.

“चावते पण.”

“पोळ्याला धक्का लागला तर चावते. दाराच्या चौकटीवर असतं, पोरांच्या हाताशी असतं, किंवा घरात दंशाने श्वास कोंडणारं कोणी असतं, तर मीच काढवून घेतलं असतं. तिथे कोपऱ्यात वर कोणाचा हात जातोय? आणि तुमच्या शिराळ्यांच्या मांडवावरच्या अळ्या यंदा कमी आहेत, असं परवा तुम्हीच म्हणालात. त्या गेल्या कुठे?”

“कुठे गेल्या?”

मी वर बोट दाखवलं. आमच्या देखत एक माशी हिरवट गोळा तोंडात धरून आली आणि तिने तो दोघीतिघींत वाटून टाकला.

“म्हणजे माझ्या मांडवावरचा माल तुझ्या पडवीत येतोय!” काकू म्हणाल्या. त्यात तक्रार कमी आणि उत्सुकता जास्त होती. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो त्या कुठल्याही घराबद्दल सगळ्यात आधी विचारतात. “त्यांच्यात कर्ती कोण?”

आता इथे पंचाईत अशी, की पोळ्यावर बसलेल्या सगळ्या अगदी एकसारख्या. कर्ती कोण, कामसू कोण, आयतोबा कोण हे सांगायचं तर आधी ही आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजे. एरवी गप्पांना तरी काय अर्थ? ‘कोणीतरी कोणाशीतरी भांडलं’ एवढ्या भांडवलावर गडग्याशी कोण उभं राहील? हीच अडचण बंगळूरच्या एका विद्यार्थ्याला आली होती. राघवेंद्र गदगकर त्याचं नाव. तो सेंट्रल कॉलेजात शिकायला होता, आणि तिथल्या खिडक्याखिडक्यांना याच जातीची पोळी लटकलेली असायची. तो बघत बसायचा. पुढे तो भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाला आणि या एका माशीमागे त्याने चाळीसेक वर्षं घालवली. तिचं शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. आपल्या द्वीपकल्पात कुठेही जा, वळचणीला, खिडकीच्या गजाला, झुडपात ती सापडतेच. म्हणजे काकूंच्या मते जी गोष्ट चूड लावून संपवायची, तिच्यावर बंगळुरात जाडजूड ग्रंथ लिहिला गेलाय.

“आणि ओळखल्यान् कशा?”

“रंगाचे ठिपके लावून. हिच्या पाठीवर निळा आणि पांढरा, तिच्या पाठीवर लाल आणि पिवळा. अशी पोळ्यावरची एकूण एक माशी ठिपक्यांनी ओळखू यायला लागली. मग समोर बसायचं आणि लिहायचं. निळीपांढरी उठली, लालपिवळीला ढुशी दिली, परत बसली.”

“म्हणजे आम्ही करतो तेच की!”

“जवळपास तेच. फक्त ते घड्याळ लावून बघतात. वेळ झाली की त्या क्षणी प्रत्येकजण काय करतेय ते लिहायचं. भांडण चाललं असेल तर भांडण, आणि नुसत्या बसल्या असतील तर बसल्यात असं लिहायचं.”

काकूंना हे अजिबात पटलं नाही. “काही चाललंच नसेल, तर बघायचं कशाला?”

खरी मेख तिथेच आहे. आपण शेजारीपाजारी बघतो ते आरडाओरडा झाला की. खिडकीत धावतो तेव्हा भांडण रंगात आलेलं असतं, आणि जी मोठ्याने बोलते तीच घर चालवते असं आपण ठरवून टाकतो. गदगकर आणि त्यांचे सहकारी निरंजन जोशी यांनी तसं ठरवलं नाही. कोण किती वेळ नुसती बसून असते, कोण किती वेळ दुसरीच्या अंगावर जाते, कोण किती वेळ बाहेर असते याचा हिशेब मांडला, तेव्हा पोळ्यातल्या बायांचे तीन गट पडले. एक बसून राहणाऱ्यांचा, दुसरा भांडणाऱ्यांचा, तिसरा बाहेरून आणणाऱ्यांचा. हा निबंध १९८३चा. आता राणी, म्हणजे अंडी घालणारी एकुलती एक, या तिघांतल्या कुठल्या गटात असेल?

“भांडणाऱ्यांत,” काकू क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या.

“बसून राहणाऱ्यांत.”

“काहीतरीच!”

“खरंच. कोणाच्या अंगावर जात नाही, कोणाला ढुशी देत नाही. ठिपके लावून महिनोन् महिने बघितलं नसतं, तर तीच राणी आहे अशी शंकासुद्धा आली नसती.”

काकू बराच वेळ वळचणीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्या सासूबाई झोपाळ्यावरून उठत नसत. आवाज कधी चढला नाही. पण त्यांना विचारल्याशिवाय या घरात मिठाचा डबा जागचा हलत नसे.”

मी म्हटलं, सासूबाई कशाने धाक ठेवायच्या कोण जाणे, पण ही राणी वासाने ठेवते. पोटाची खालची बाजू पोळ्याला घासत हिंडते आणि तिच्या ग्रंथीतला स्राव पोळ्यावर लागतो. राणी घरात आहे, तिचं बरं चाललंय, ही बातमी बाकीच्यांना त्या वासातून मिळते, असा पुरावा त्या मंडळींना सापडला. गंमत म्हणजे हिच्याच गोतातली दुसरी एक जात आहे, तिची राणी पक्की भांडखोर. एकेकीला धाकात ठेवते. तेव्हा गांधिणीच्या राण्या अशा असतात असंही एका दमात म्हणायची सोय नाही. कुठली गांधीण, ते आधी सांगा.

तेवढ्यात काकूंचे यजमान तात्या रहाटाकडून आले. चुडीचा विषय निघाला नाही हे बघून त्यांनीच विचारलं, “ती राणी मेली की कारभार आटोपला ना? मग तेवढी एक काढा.”

तात्यांनी सहज विचारलं, पण हा प्रयोग बंगळुरात शेकड्याने झालाय. राणीला पोळ्यावरून उचलायचं आणि बघायचं. थोड्याच वेळात त्या गरीब दिसणाऱ्या घोळक्यातली एक एकदम पिसाळल्यासारखी करायला लागते. हिला ढुशी, तिला चावा, नुसता धुमाकूळ. बाकीच्या मुकाट सोसतात, कोणी उलट अंगावर येत नाही. राणीला परत आणून ठेवलं तर ही पुन्हा पहिल्यासारखी गरीब. नाही ठेवलं, तर आठवड्याभरात तिचा आवेश ओसरत जातो, ती अंडी घालायला लागते आणि तीही बसून राहणाऱ्यांत जमा. नवी राणी तयार.

“ती कोण होणार ते आधी कळत असेल,” काकू म्हणाल्या. “घरात सगळ्यांना माहीत असतं.”

“घरात असतं. बाहेरच्याला कळत नाही.”

इथे गोष्ट फार मजेची होते. राणी असताना पुढची कोण, हे ओळखायचा त्या लोकांनी हरतऱ्हेने प्रयत्न केला. सर्वात भांडखोर? नाही. सर्वात मोठी? नाही. सर्वात म्हातारी असावी असा कल दिसतो, पण तेही दर वेळी खरं होत नाही. मग अनिंदिता भद्रा आणि गदगकरांनी एक युक्ती काढली. पोळं मधोमध कापलं आणि दोन अर्ध्यांमध्ये बारीक जाळी उभी केली. माश्याही दोन्हीकडे वाटल्या. राणी एकीकडे. दुसरीकडच्यांना वाटलं राणी नाहीशी झाली, तिथली एक पिसाळली. मग राणीला उचलून तिच्या बाजूला ठेवलं. आता पहिली बाजू पोरकी. जर पिसाळलेली ही खरोखर ठरलेली वारस असेल, तर तिला जाळीपलीकडे सोडल्यावर तिकडच्यांनीही तिला मानायला हवं. आणि नसेल, तर खरी वारस राणीच्याच बाजूला राहिली होती, तिने आता पुढे यायला हवं. नेमकं तसंच झालं. काही पोळ्यांत पहिलीलाच दोन्हीकडच्यांनी मानलं. काहींत दुसरीच पुढे आली, आणि मग पहिलीने निमूट माघार घेतली. भांडण नाही, वाद नाही. हे २००८ साली छापून आलं. पुढे २०१२ साली आणखी एक निबंध आला. राणी काढली, नवी झाली, तीही काढली, तिसरी झाली. एकामागून एक नंबर लागलेले होते आणि कोणी रांग मोडली नाही.

“म्हणजे माश्यांना ठाऊक, आणि एवढी शिकलेली माणसं समोर ठिपके मोजत बसलेली, त्यांना नाही!” काकूंना हे फार लागलं. दुसऱ्याच्या घरातलं गुपित चाळीस वर्षं समोर बसून उलगडू नये, यासारखा त्यांच्या लेखी अपमान नाही.

“आणि आमची जात काय करते तिथे?” तात्यांनी विचारलं.

“पुरुष? आठवडाभर घरचं खातात आणि निघून जातात. परत येत नाहीत. कामाला हात लावत नाहीत.”

“बघ,” तात्या काकूंना म्हणाले, “निसर्गनियम आहे.”

“थांबा. कोणीतरी विचारलं, की त्यांना काम येतच नाही, की करायची वेळच येत नाही? म्हणून पोळ्यावरच्या सगळ्या बाया काढून घेतल्या, नुसते नर ठेवले, आणि भरपूर अन्न त्यांच्या पुढ्यात दिलं. तर नरांनी अळ्यांना भरवलं. बायांइतकं नीटनेटकं नव्हे, पण भरवलं. २००६चा निबंध आहे.”

तात्यांना एकाएकी बैलाला पाणी दाखवायचं आठवलं. काकू मात्र त्या दिवशी दुपारपर्यंत हसत होत्या, आणि संध्याकाळपर्यंत ही एक बातमी वाडीतल्या सगळ्या बायकांना कळली होती, असं मला दुसऱ्या दिवशी दळणाच्या गिरणीत समजलं.

चूड मागे पडली ती पडलीच. उलट काकूंना आता जळीस्थळी संसार दिसायला लागले. पंपाच्या बोर्डाच्या भोकात चिखलाचा गोळा दिसला, तर त्यांनी तो सांडशीने फोडायच्या आधी मला हाक मारली. “कुंभारणीने घर केलंय. बुवा कीर्तनात सांगतात ती हीच ना?”

तीच. काकूंच्या घरी एकनाथी भागवताचं पारायण असतं, त्यामुळे अवधूताचे चोवीस गुरू त्यांना ओळीने पाठ आहेत. कबुतर, अजगर, पतंग, कोळी, आणि शेवटचा गुरू ही माशी. ती एक किडा धरून आणते, मातीच्या घरात कोंडते, त्याच्याभोवती गुणगुणते, आणि तो भयाने तिचंच ध्यान करता करता तिच्यासारखाच होऊन बाहेर पडतो. ध्यानाचा महिमा सांगायला दाखला झकास आहे. आणि मला त्यात एक गोष्ट नेहमी आवडते. किडा आत गेला, घर लिंपलं गेलं, आणि काही दिवसांनी आतून माशी बाहेर आली, इतकं कोणीतरी खरोखर बसून बघितलेलं होतं. ते बघणं खोटं नव्हतं. लिंपल्यानंतर आत काय घडलं, तेवढं मात्र मनाने भरलं.

आम्ही घर फोडलं. पंप चालवायचाच होता, तेव्हा ते तसंही राहणार नव्हतं. आत हिरव्या अळ्या दाटीने भरलेल्या, सगळ्या जिवंत, पण लुळ्या. काडीने डिवचलं की जराशी वळवळ आणि पुन्हा गप्प.

“मेल्या का नाहीत?”

“मेल्या तर सडतील. डंख मारून नुसत्या लुळ्या केल्यात, म्हणजे शिधा ताजा राहतो. या सगळ्या तिच्या एका पोराचा शिधा आहेत. या जातीला अळ्या लागतात, चिखलाचे लांबट नळे करणारी दुसरी एक आहे, ती कोळी भरते.”

“आणि पोर कुठाय?”

पोर सापडलं नाही. फोडताना निसटलं असावं. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात फाब्र नावाचे शाळामास्तर होते, त्यांनाही हीच चिंता पडली होती. अळ्या लुळ्या असल्या तरी थोडी वळवळ करतात. मग त्या गर्दीत नाजूक अंडं चिरडत कसं नाही? त्यांनी मातीच्या त्या गाडग्याला बाजूने हळूच खिडकी पाडून बघितलं. अंडं छताला एका बारीक धाग्याने टांगलेलं होतं. खाली अळ्यांचा ढीग, वर लोंबतं अंडं. आईने आधी अंडं टांगलं, मग अळ्या आणून भरल्या, मग तोंड लिंपलं, आणि निघून गेली. पोराचं तोंड ती पुढे कधी बघतही नाही.

काकूंनी यावर बराच विचार केला. बुवांना सांगावं की नाही, हा प्रश्न होता. शेवटी “नको, त्यांचं कीर्तन रंगात येतं तिथे,” म्हणून त्यांनी तो निकालात काढला. मला तो निकाल आवडला. अवधूत चोवीस ठिकाणी थांबून बघत राहिला, ही त्या गोष्टीतली माझ्या मते खरी शिकण्याची जागा आहे, आणि ती बुवांनी सोडलेली नाही.

तात्यांना एवढ्यात कोणी विचारत नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या अखत्यारीतला विषय काढला. विहिरीवर झुकलेल्या माडाला सुगरणींची घरटी लागली होती. “बाईमाणसाची कारागिरी बघा,” तात्या म्हणाले. विणतो तो नर, हे मी सांगितल्यावर “अरे वा” म्हणून ताठ झाले. भाताच्या पातीची, माडाच्या झावळीची कड चोचीत धरून तो लांबच लांब दोरा सोलून काढतो आणि चोचीनेच गाठी मारतो. आधी कडं, मग त्यावर टोप. घरटं असं अर्धवट असतानाच मादी बघायला येते. आत शिरते, ओढून बघते, वीण तपासते. पसंत पडलं तर राहते, मग तो उरलेली खोली आणि खालची नळी पुरी करतो. नापसंत झालं तर ते अर्धवट टोपडं तसंच लोंबत राहतं. तुमच्या विहिरीत खाली पडलेली दिसतात, त्यांतली कित्येक असली.

“आणि एकदा ती आत राहायला आली की तो?”

“तो लगेच बाजूला दुसरं विणायला घेतो. दुसरीसाठी.”

यावर गडग्याच्या दोन्ही बाजूंना एकदम शांतता झाली. तात्यांनी या वेळी ‘निसर्गनियम’ म्हटलं नाही.

हे शोधलं कुठे, तर आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला. सलीम अली जर्मनीतून पक्षिशास्त्र शिकून आले, तर मुंबईतल्या म्युझियममधली त्यांची नोकरी उरलेली नव्हती. ते आणि त्यांची पत्नी तेहमिना किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळ सुगरणींची वस्ती होती. १९३०च्या पावसाळ्यात त्यांनी ती नोकरीसारखी बघितली. कुठल्या घरट्याचा धनी कोण, तिथे कोण आली, कधी आली, मग तो कुठे गेला. लोकांना आधी वाटायचं, की एकेक नर ही जादा घरटी स्वतःला बसायला म्हणून बांधतो. सलीम अलींनी घरटं आणि धनी यांची रोजची जोडी मांडली आणि सगळा प्रकार उघडा पडला. एकाचा एक संसार नव्हता, एकामागून एक मांडलेले होते. पिल्लांचं बघायला बहुतेक ती एकटीच. त्या निबंधाने त्यांचं नाव झालं. बेकारीत दुसऱ्याच्या घरात डोकावून कीर्ती मिळवल्याचं दुसरं इतकं सभ्य उदाहरण मला माहीत नाही.

“त्यांनी ठिपके लावले होते?” काकूंनी विचारलं. त्या आता तयार झाल्या होत्या.

नारळी पौर्णिमा झाली आणि एका सकाळी काकूंची हाक आली ती किंचाळल्यासारखी. “धाव गो, दरोडा!”

पोळ्यावर एक भली मोठी काळी माशी बसली होती, पोटावर रुंद पिवळा पट्टा. एकेका खोलीत तोंड घालून ती अळ्या ओढून काढत होती. आणि आमच्या त्या सगळ्या बारक्या, रंगीबेरंगी राजकारण करणाऱ्या, हातभर अंतरावर वाशाला चिकटून नुसत्या बघत होत्या. एकीनेही तिच्यावर चाल केली नाही. काकूंचा संताप अनावर झाला. “एवढ्या जणी! आणि एकटी मेली येऊन घर लुटत्येय! त्या भांडखोर कुठायत आता?”

ही दुसरी गांधीण, वेस्पा ट्रॉपिका. बारकीची जन्माची वैरी. बंगळुरातही ती याच पोळ्यांवर धाड घालते. इतकी, की गदगकरांनी आपल्या पोळ्यांसाठी एक खोलीच बांधून घेतली, भोवती जाळी. जाळीची भोकं अशी मोजून की बारकी सहज आतबाहेर करेल आणि या दांडगीला मात्र आत शिरता येणार नाही. अंगाने ती इतकी मोठी आहे, की तिच्याशी लढायला गेलं तर अळ्या वाचत नाहीत आणि लढणाऱ्याही जातात. न लढता बाजूला झालं तर अळ्या गेल्या, पण मोठ्या जिवंत राहतात, आणि जिवंत राहिल्या तर दुसरं पोळं बांधता येतं. हे मी समजावून सांगितलं. काकूंनी ऐकलं, मान डोलावली, आणि तरीही पुढे दोन दिवस त्या माश्यांशी अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडचं पोळं ओकंबोकं लोंबत होतं, कोणी नव्हतं तिथे. आणि काकूंच्या न्हाणीघराच्या पागोळीखाली एक देठ, त्याला चार-पाच खोल्यांचं करडं बोंड, आणि त्यावर पाच-सहा जणी. त्याच की दुसऱ्या, हे ठिपक्यांवाचून कोण सांगणार? पण काकूंना शंका नव्हती. “आमच्याकडे आल्या,” त्या म्हणाल्या. आवाजात जो भाव होता, तो आमच्या पडवीत मी माश्यांना तीन महिने जागा दिली त्याबद्दल मला काही फारसं श्रेय देणारा नव्हता.

मग रंगाची चर्चा झाली. गणपतीला नात येईल, तिच्याकडे नेलपॉलिशच्या पुष्कळ बाटल्या आहेत, असा काकूंचा प्रस्ताव. मी त्यांना बजावून सांगितलं, की ते झटकन वाळणारे खास रंग असतात, शिकलेला हात लागतो, आणि न्हाणीघरात घाईने तोंड धुणाऱ्या तात्यांच्या डोक्यावर हा उद्योग करायचा नाही. मग नुसती वही तरी, असं ठरलं. घड्याळात ठरवून सकाळी दहाला आणि दुपारी चारला, चुलीवर काही असो वा नसो, काकू पायरीवर बसायला लागल्या. वही म्हणजे दुधाच्या हिशेबाचीच, मागच्या बाजूने. मी ती एकदा चाळली. ‘चार बसलेल्या, एक पोळ्याला तोंड लावून.’ ‘तशाच.’ ‘एक आली, हिरवं आणलं.’ ‘काही नाही.’ ‘काही नाही.’ ‘काही नाही.’ मी इतकी वर्षं काकूंना ओळखते, पण ‘काही नाही’ हे शब्द मी त्यांच्याकडून कुठल्याही घराबद्दल ऐकलेले नव्हते.

भानगड झाली ती दूधवाल्यामुळे. हिशेब लिहायला त्याने वही उलटी उघडली आणि वाचलं, ‘सकाळी दहा. मोठी सकाळपासून गप्प. एक गेली.’ त्याने काही विचारलं नाही, टोपी सारखी केली आणि सायकलवर टांग मारली. अकराच्या सुमाराला वरच्या वाडीतल्या दोघी जणी डोक्यावर पदर घेऊन गडग्याशी आल्या, आणि हलक्या आवाजात मला विचारू लागल्या, काकूंकडची नेमकी कोण गेली.